गिअरबॉक्सचं नाक चोंदलं होतं

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. मीटर ९१,४१२

दिवाळीचे पाहुणे काल गेले. आज निवांत गाडी धुवायला काढली तर अंगणातल्या शहाबादीवर पंजाएवढा तेलाचा डाग. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला. बोट लावून वास घेतला. गंधकाचा, कुजक्या लसणासारखा. इंजिनच्या तेलाला असा वास येत नाही. हे गिअर ऑइल.

महिनाभर सकाळी गाडी गार असताना दुसरा गिअर टाकला की खर्रर्र होतंय. औश्याकडून येताना चढाला तिसऱ्यात बारीक रडल्यासारखा आवाजही येतोय. एका गॅरेजात दाखवलं होतं. बॉनेट न उघडताच "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय" म्हणाला आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून मी चहा अर्धा ठेवून आलो.

पुण्याहून मेहुण्याचा फोन आला, त्याला सांगितलं. "दाजी, डिपस्टिक काढून बघा की, तेल कमी असेल." अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, शोधली. एकच सापडली, ती इंजिनची. मग पुस्तिका काढली, तेव्हा कळलं की मेहुण्याची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि माझी हाताने गिअर टाकायची. ऑटोमॅटिकचं तेल पातळ, बहुतेकदा लाल, आणि त्याची पातळी तेल तापवून बघायची असते. हल्लीच्या बऱ्याच ऑटोमॅटिकलाही डिपस्टिक नसते म्हणे. माझ्या गिअरबॉक्सला बाजूला एक नट आहे, तीच डिपस्टिक: नट काढायचा, भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल असलं म्हणजे बरोबर.

पुस्तिकेप्रमाणे तेल २.२ लिटर, ७५डब्ल्यू-९० (हा दाटपणाचा नंबर), जीएल-४ (ही गिअर ऑइलची जात).

रात्री गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. चाकं कुठं आहेत ते पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखून ठेवलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पुठ्ठ्यावर पाच थेंब, सगळे डाव्या एक्सलच्या मुळाशी. सकाळच्या बॅचला उशीर होत होता, तेवढंच बघितलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

क्लास सुटल्यावर पार्टच्या दुकानात गेलो. गिअर ऑइल म्हटल्याबरोबर दुकानदाराने काउंटरवर डबा ठेवला. "घ्या, नव्वद नंबर. ट्रॅक्टरला बी हेच जातंय." डब्यावर ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५ लिहिलेलं. नव्वद नंबर म्हणजे आपल्याकडं गिअरच्या कुठल्याही दाट तेलाचं नाव झालंय, जसं बिसलेरी म्हणजे कुठलंही पाणी.

जीएल-५ मध्ये दातांवरचा फार मोठा दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त घालतात. मागच्या एक्सलमधल्या मोठ्या चक्राला, क्राऊनला, ती हवीतच. पण गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोच्या पितळी रिंगा असतात. त्या रिंगांचं काम घर्षणावर चालतं: गिअर बसण्याआधी दोन चक्रांचा वेग घासून सारखा करायचा. तेल फाजील निसरडं झालं की रिंग पकडच घेत नाही, आणि काही जीएल-५ तेलातली द्रव्यं पितळ खातातही. म्हणून इथं "चारपेक्षा पाच चांगलं" चालत नाही. दुकानदाराला एवढं सगळं सांगितलं नाही, मागं गिऱ्हाईकं खोळंबली होती. "पुस्तिकेत आहे तेच द्या" म्हटलं. त्याने माळ्यावरून एकेक लिटरचे तीन डबे काढून दिले. तांब्याचे दोन नवे वायसरही घेतले.

मेहुण्याला वाटतं नव्वद म्हणजे चाळीसच्या दुप्पट दाट. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. १०० अंशाला नव्वदचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), आणि चाळीसचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३. जवळजवळ भाऊ-भाऊच. हे अकरावीच्या पोरांना स्निग्धता शिकवताना सांगायला बरं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार. नुसती पातळी बघायची होती

दुपारी सुरुवात केली, दिवे लागले तरी हात काळेच.

पातळी बघायची तर गाडी सपाट हवी. अंगण सपाट दिसतं, पण पाणी फाटकाकडं जावं म्हणून गवंड्याने ढाळ दिलेला आहे. पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, तिथून गवंड्याची लेव्हल नळी तासाभरासाठी मागून आणली. पाणी भरून मोजलं: पुढच्या आणि मागच्या चाकात चार सेंटिमीटरचा फरक, पुढची बाजू खाली. दोन चाकांत साधारण २४० सेंटिमीटर अंतर, म्हणजे एक अंशाच्या आसपास. एक अंश म्हणजे काही नाही असं वाटेल, पण पसरट डब्यात तेवढ्यानं भोकाजवळची पातळी हलते. जुन्या चौकटीच्या दोन बाभळीच्या फळ्या पुढच्या चाकांखाली घातल्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. (विटा लावू नयेत, भुगा होतो.) परत नळी धरली. पाणी दोन्हीकडं एका रेषेत.

एवढ्यात शेजारचे अण्णा कंपाउंडवरून डोकावले. अण्णा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेत.

"काय करायलाव सर? घर बांधायलाव का गाडीखाली?"

त्यांना सगळं सांगितलं. पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला, की मी आठ दिवसांत तो स्वतःला विचारलाच नव्हता. "तेल कमी झालंय म्हणताव. गेलं कुठं? इंजिन तेल जाळतंय, गिअरबॉक्स जाळत नसतोय. त्यातलं तेल एकतर आत हाय, न्हाईतर भाईर पडलंय."

"बाहेर पडतंय की अण्णा, पुठ्ठ्यावर दिसतंय."

"मग आता का पडायलंय? मागल्या साली का पडत नव्हतं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चाक पूर्ण वळवलं की डाव्या चाकाच्या आतून हात घालता येतो, लेव्हलचा नट तिथूनच दिसतो. आधी वरचा नट उघडायचा, मगच खालचा, हे अण्णांनी दोनदा बजावलं. खालचा उघडून तेल सगळं काढलं आणि वरचा निघालाच नाही, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी दोरीने ओढत न्यावी लागते. आणि वरचा नट खरंच निघेना. आधी कुणीतरी पाइप लावून आवळलेला. साधा पाना सटकला, कोपरा थोडा झिजला. गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास चहा घेतला. मग सहा बाजूंनी धरणारी गोटी, लांब दांडा, वर अण्णांचा हात. टक्क असा आवाज आला. ॲल्युमिनियमचे आटे गेले असं वाटून पोटात गोळा आला. नट सुटला होता.

भोकातून एक थेंबही बाहेर आला नाही. करंगळी आत घालून पहिल्या पेरापर्यंत वाकवली, कोरडीच. सायकलच्या जुन्या स्पोकची तार काटकोनात वाकवून आत सोडली, मग तेल लागलं. काठाच्या खाली दोन सेंटिमीटरहून जास्त. तारेला लागलेलं तेल सोनेरी किंवा काळं असायला हवं होतं. ते होतं दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं.

अण्णांनी तार हातात घेतली, चिमटीत तेल चोळलं. "पाणी हाय ह्यात."

२ नोव्हेंबर, रविवार. मीटर ९१,४६०

नुसतं भरून भागणार नाही, सगळं बदलायचं.

सकाळी औसा रोडने दहा किलोमीटर जाऊन आलो. तेल गरम असलं की धार लागते आणि तळातला गाळही सोबत निघतो. पुढची डावी बाजू जॅकवर, मग लोखंडी घोडीच्या टेकूवर. काढलेलं चाक उंबऱ्याच्या पट्टीखाली आडवं सरकवलं. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली अण्णा कुणाला जाऊ देत नाहीत. त्याचं कारण ते सांगत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

खालचा नट काढला. खाली पाच लिटरचा खाद्यतेलाचा डबा, बाजूने कापलेला. पहिले दोन थेंब तर स्वच्छ पाण्याचेच, मग ती चहाची धार. वीस मिनिटं गळू दिलं. दुधाच्या मापाने मोजलं (माप आता गाडीचं झालं, घरात नवीन आणायचं कबूल केलंय): पाण्यासकट १.७ लिटर.

खालच्या नटाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची साय बोटाला लोण्यासारखी लागली. दातांची ही बारीक झीज ९० हजार किलोमीटरनंतर साहजिक आहे. फडक्यावर पसरून उन्हात धरली: कण नाही, तुकडा नाही. तुकडा असता तर गिअरबॉक्स उतरवायलाच लागला असता. तेलात मात्र पितळेची किंचित चमक दिसली. त्या रिंगाच.

आता अण्णांचा प्रश्न. पाणी आलं कुठून?

हे रात्री वहीत मांडल्यावर उलगडलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या अतिवृष्टीत शेतावर गेलो होतो. सोयाबीन पाण्यात होतं, ते बघून लगेच परत फिरलो. तासभर पळवलेली, तापलेली गाडी ओढ्याच्या फरशी पुलावरून काढली. पाणी गुडघ्याला होतं. काढायला नको होती, हे तेव्हाही कळत होतं. पुलाच्या मध्यावर पुढं एक टमटम बंद पडली आणि पाच-सात मिनिटं तसाच पाण्यात उभा राहिलो.

गिअरबॉक्स समजा ८० अंशाला, पाणी २८ ला. आतली हवा गार होऊन आकसते, केल्व्हिनमध्ये ३५३ वरून ३०१, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. आत तेलाच्या वर दीड लिटर हवा धरली तर पेलाभर जागा रिकामी होते. तेवढं काहीतरी बाहेरून आत येणारच. एरवी गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास घ्यायची एक टोपी असते, ब्रीदर. ती गुडघाभर पाण्याच्या बरीच वर, म्हणजे हवाच आत यायला हवी होती. एक्सल गिअरबॉक्समधून बाहेर येतो तिथली रबरी रिंग, म्हणजे एक्सलचं सील, मात्र चाकाच्या मध्याच्या उंचीला, म्हणजे पाण्यात बुडालेलं. त्या सीलची ओठाळी आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेली असते. बाहेरून आत ओढलं तर ती फार अडवत नाही.

पण ब्रीदर उघडा असताना सीलमधून ओढलं कशाला जाईल?

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहालाच अण्णांना हाक मारली. बॅटरीचा ट्रे बाजूला केला. गिअरबॉक्सच्या डोक्यावर अंगठ्याएवढं ढेकूळ. वाळलेली काळी माती, तेलात मुरून टणक झालेली. स्क्रू ड्रायव्हरने टोकरल्यावर आतून टोपी निघाली. टोपीखालची नळीही ठासून बंद.

"नाक चोंदलंय हिचं," अण्णा म्हणाले. "नाक चोंदलं की माणूस तोंडानं श्वास घेतंय. हिनं सीलमधून घेतला."

इतकं साधं. गाडी तापली की आतली हवा फुगते, वरून वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. गाडी गार झाली की उलटं. पुलावर नेमकं बाहेर पाणी होतं, म्हणून पाणी आत आलं. गळती आणि पाणी, दोन्हीचं मूळ त्या ढेकळात. काळ्या रानातल्या गाडीवाटेचा चिखल, त्यावर धूळ, त्यावर तेलाचा पाझर, असं वर्षानुवर्षं बसत गेलेलं. कुठल्याही सर्व्हिसिंगमध्ये कुणी तिथं हात लावला नाही. मीही नाही.

पेट्रोल आणि दात घासायचा जुना ब्रश. नळीतून तार आरपार गेली.  मला बरं वाटलं.

कालच्या तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत ठेवला होता. तळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा गढूळ थर बसलाय, वरचं अजून दुधाळच. जुन्या पत्र्याचा तुकडा स्टोव्हवर तापवला (अंगणात, लांब उभं राहून) आणि त्यावर काडीने एक थेंब सोडला. मोहरीसारखं तडतडलं. नव्या डब्यातला थेंब सोडला, तो गुमान धूर सोडत पसरला.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ. भरणं

अण्णांचं म्हणणं, रॉकेलने धुऊन घेऊ, वर्कशॉपात धुवायचो. मी नाही म्हटलं. रॉकेल सगळं निघत नाही, उरलेलं नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं, आणि बेअरिंगवर तेवढा वेळ तेलाचा थर राहत नाही. बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की योग्य ग्रेडचंच तेल भरायचं, शंभर-दीडशे किलोमीटर चालवायचं आणि परत काढायचं. दोनदा तेलाचा खर्च. अण्णा म्हणाले, "सर, तुमचं तेल, तुमचा पैसा." ते थोडे रुसले होते, पण कंदील धरायला थांबले.

खालच्या नटाला नवा वायसर. घट्ट करताना मी दांड्यावर वजन टाकायला लागलो तर अण्णांनी हात धरला. "मनगटानं आवळा, खांद्यानं न्हाई. आटे ॲल्युमिनचे हायत."

घोडी काढली, गाडी परत बाभळीच्या फळ्यांवर. गवंड्याची नळी आता विकतच घेतली, पाच मीटरमधला दीड मीटर कापला आणि आतून पूर्ण वाळवला. वर बॉनेटमध्ये नरसाळं, खालचं टोक लेव्हलच्या भोकात. डबे दुपारभर उन्हात ठेवले होते, तरी धार पाकासारखी. एक लिटर जायला पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या लिटरला फोन वाजला, मी मान वळवली, नळी भोकातून सुटली. दीडशे मिलिलिटर तरी शहाबादीवर. राख टाकली, भुसा टाकला. डाग राहणार. यावर घरात जी चर्चा झाली ती इथं लिहीत नाही.

तिसरा डबा फोडला. शेवटी भोकाच्या काठावरून तेलाची बारीक तार सुटली, ती तुटून थेंब झाले, थेंब थांबायला आले तेव्हा नट लावला. सांडलेलं वजा करून आत गेलं अंदाजे २ लिटर. पुस्तिकेतला आकडा २.२, बाकीचं कोपऱ्याकापऱ्यात जुनं राहिलेलं. म्हणून मोजून ओतण्यापेक्षा भोकावर विश्वास ठेवायचा.

९ नोव्हेंबर, रविवार. मीटर ९१,६०५

दुसऱ्यांदा काढलं. रंग मधासारखा, कडेला किंचित ढगाळ. पत्र्यावर तडतड नाही, एक बारीक चुर्र. पुरे. पुन्हा भरलं, आणखी दोन डबे आणि मागच्यातलं उरलेलं. या वेळी फोन घरात ठेवला आणि सगळं दीड तासात आटोपलं.

ब्रीदरच्या नळीवर पेट्रोलचा रबरी पाइप चढवून तो बॅटरीच्या वर नेला आणि टोक खाली वाकवून बांधलं, म्हणजे चिखलही बसणार नाही आणि पाऊसही जाणार नाही. ही कल्पना अण्णांची. रुसवा गेला.

दोन्ही वेळचं जुनं तेल जमलं होतं. अण्णांना ते गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी पाहिजे होतं. आपल्याकडं सगळे लावतात, पण पावसाने ते धुऊन आडातच जातं. पार्टच्या दुकानात जुन्या तेलाचं पिंप असतं, तिथं देऊन आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुठ्ठा आठवडाभर खाली होता. रोज रात्री थेंबाभोवती गोल काढून तारीख घालत गेलो. आधी रात्रीला पाच थेंब होते, आता आठवड्यात तीन. ब्रीदर मोकळा झाल्यावर दाब गेला. सीलची ओठाळी थोडी खराब झालीच असणार, तेवढी गळती राहील.

तिसऱ्यातलं रडणं गेलं. दुसऱ्यातली खरखर निम्म्याने कमी, पण पूर्ण गेली नाही. झिजलेली पितळी रिंग तेलाने भरून येत नाही. गार गाडीत दुसरा टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबलं की बसतो. रिव्हर्सची खर्र मात्र आजार नव्हताच. माझ्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाही. क्लच दाबून दोन सेकंद थांबायचं, चक्र थांबलं की मुकाट पडतो. मी दहा वर्षं घाई करत होतो.

२१ डिसेंबर, रविवार. मीटर ९२,३९०

परवा येळवस (वेळ अमावस्या) झाली. पहाटे भज्जी, आंबील, उंडे असं सगळं गाडीत घालून शेतावर. मागच्या सीटवर आईच्या मांडीत आंबिलीचा बिंदगा (घागर), म्हणून गाडीवाटेने पहिल्या-दुसऱ्यातच काढावी लागली. खर्र झालं नाही. फरशी पुलावर आता पाणी नाही, पण कडेच्या झुडपांना अजून चिखलाची रेघ आहे. माझ्या कमरेच्या वर.

आज फळ्या घातल्या, लेव्हलचा नट मनगटानेच सुटला. करंगळी घातली, पहिल्याच स्पर्शाला तेल. स्वच्छ, पिवळं. रबरी पाइपच्या टोकावर फुंकर मारली, मोकळा.

डाव्या बाजूचं सील आणून कपाटात ठेवलंय. ते बदलायचं तर एक्सल ओढून काढावा लागतो आणि तेव्हा तेल परत बाहेर येणार. बारावीच्या परीक्षा झाल्या की मार्चमध्ये बघू. तोवर पुठ्ठा खालीच.

अण्णा त्यांची स्कूटर घेऊन आलेत. "हिला बी गिअरचं तेल असतंय का हो?" असतं, पेलाभर. नऊ वर्षांत कुणी बघितलेलं नाही. नट सुटेना, स्प्रे मारून ठेवलाय.